तार काढल्यावर

सावनेरहून नागपूरला निघालेल्या पिकअपचा अल्टरनेटर भर दुपारी वाटेतच गेला. बॅटरी चार्ज होईना. मागे गादीवर संघपालचे बाबा होते आणि त्यांचं ऑक्सिजनचं मशीन त्याच बॅटरीवर चालत होतं.

मिस्त्री अश्विन नवा अल्टरनेटर घेऊन आला. "बॅटरीची तार काढा लागते, भाऊ. दहा मिनिटं मशीन बंद राहीन."

"बाबाले दहा मिनिटं जमत नाही गा."

"मंग बसवता येत नाही."

संघपालनं हात जोडले आणि होकारार्थी मान हलवली. तार निघाली.

मागून मशीनची घरघर मात्र येतच राहिली. काहून, हे विचारायचीही त्याला भीती वाटली. "लवकर कर गा," एवढंच तो म्हणत राहिला.

पट्टा चढवताना अश्विन थबकला. "मशीनले दुसरी बॅटरी आहे काय?"

"नाही."

संघपाल मागे चढला. आई बाबांचा हात धरून बसली होती.

"झोप लागली त्याईले," ती म्हणाली. "मशीन चांगलं चालून राहिलं."

मशीनचा दिवा विझला होता. त्यानं वर हात ठेवला. ते गार पडलं होतं.

मग त्यानं बाबांच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत नव्हती. घरघर छातीच्या आतून येत होती.