लाल स्वेटरच्या मागे

“वाळू आहे, सावकाश,” पुढून बायकोचा आवाज आला आणि पेंटरनं लगेच पेडल मारणं थांबवलं. चाक किंचित घसरलं, सावरलं. मागे तिसरी सायकल होती, लेकीची. तिची नजर पाठीवर आहे, हेच त्याला जास्त जाचत होतं.

लेक शहरबस चालवायची. रस्त्यावरचं बारीकसारीक तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि आज ती बापाच्या मागे डोळ्यांत तेल घालून येत होती. त्याला कारणही होतं. खुंटीवर टांगलेल्या कोटाला तो परवा ‘बस ना, उभा का?’ म्हणाला होता. त्यानं ते थट्टेवारी नेलं, पण लेक हसली नाही.

“बाबा, नदीची फेरी माझ्यासमोर करून दाखवा,” ती म्हणाली होती. “कुठे चुकलात तर सायकली मी घेऊन जाणार. दोन्ही. तुमच्याशिवाय आई थोडीच एकटी जाणार आहे?”

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्याच डोळ्यांचा पडदा झिजावा, हा विनोद त्याला मुळीच आवडला नव्हता. समोर पाहिलं की मधोमध राखी डाग. कडेकडेचं तेवढं दिसे. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की नशिबी खिडकीजवळची खुर्ची, आणि बायको शेजारच्या खुर्चीत. शहराबाहेर पडून नदीच्या कडेकडेनं परत येणारी ही फेरी दोघं लग्न झाल्यापासून मारत आली होती. घरी मोजकं बोलणारी ती दोघं इथे भांडायचीसुद्धा मोकळेपणानं.

म्हणून त्यानं गुडघ्याचं निमित्त काढलं, बायकोला एक भडक लाल स्वेटर घेऊन दिला आणि पुढे घातलं. “मी पुढे?” म्हणून ती जरा घुटमळली. मग मात्र आपणहूनच वाटेतलं सगळं ओरडून सांगू लागली. टेलिफोन ऑपरेटर होती ती. आवाज कसा खणखणीत. तिनं आपलं बिंग ओळखलंय, हे तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं. पण तिनं अवाक्षर काढलं नाही. सकाळचा पेपरही ती त्याच्याच हातात देई. “तुम्हीच वाचा मोठ्यांदा,” म्हणे. तो रात्री रेडिओवर ऐकलेल्या बातम्या ठोकून देई, वर दोन पदरच्या. तिनं एकदाही त्याला पकडलं नव्हतं. इतकं सांभाळून घेणारी बायको मिळायला नशीब लागतं, असं त्याला मनापासून वाटे.

साबणाच्या कारखान्याचा वास आला. “डावं वळण,” ती म्हणाली. तो वळला. चाकांखाली फळ्या खडखडू लागल्या. “पूल. सरळ.”

पूल उतरताना डाव्या कडेला अचानक काहीतरी मोठं, हिरवं उभं राहिलं. त्यानं हँडल ओढलं. कोपर खसकन घासलं. उभी हातगाडी होती. बायकोनं ती सांगितलीच नव्हती.

“बाबा?” मागून लेक.

“दिसली गं, दिसली. मुद्दाम जवळून घेतली,” तो म्हणाला.

थोडं पुढे गेल्यावर त्यानं बायकोला हलक्या आवाजात विचारलं, “हातगाडी का नाही सांगितलीस?”

“एवढी मोठी हातगाडी, ती काय सांगायची?” ती म्हणाली. मग, “अहो, लागलं का?”

तिचा आवाज कापत होता. लेक पाठीवर आहे म्हणून तीही धास्तावली असणार. त्याला तिची दया आली.

साबणाचा वास मागे पडून डांबराचा येऊ लागला. कुठे काम चाललं असावं. पुढे नदीवरच्या पाण्याच्या पंपांची घरघर ऐकू आली. फेरीतली सगळ्यात वाईट जागा हीच. रस्त्यात हा भलामोठा खड्डा आणि उजव्या हाताला नदीचा उतार. गेल्या वर्षी तो इथेच उताणा पडला होता आणि पुढे कित्येक दिवस लेकीजवळ या खड्ड्याच्या नावानं खडे फोडत होता. आज पडला तर संपलंच सगळं.

“खड्डा! उजवीकडून घ्या, अगदी कडेनं.”

लाल ठिपका उजवीकडे सरकला. तोही जीव मुठीत धरून सरकला. चाक गवतात गेलं, माती सुटून खाली घरंगळली, पाण्याचा आवाज एकदम जवळ आला. मग सायकल पुन्हा रस्त्यावर आली. मागे लेकीचा ब्रेक करकचून लागला. तिच्या चाकांचा आवाज पुन्हा यायला बराच वेळ लागला.

फेरी संपली त्या फाटकाला टेकून तो उभा राहिला. छाती फुगली होती.

“बोला ड्रायव्हरबाई, कुठे चुकलो?”

“कुठेच नाही,” लेक म्हणाली. “आईनं सांगितलं तसेच चालवत आलात.”

“मग सायकली आमच्या?”

लेक त्याला ओलांडून पुढे गेली आणि तिनं आईच्या सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

“आई, पंपांपाशी काय होतं गं?”

“खड्डा. यांचा लाडका,” बायको हसत म्हणाली. “दिवसेंदिवस मोठाच होत चाललाय मेला.”

“तो खड्डा मी तक्रारी करकरून परवाच बुजवून घेतलाय, आई,” लेक म्हणाली. “आता तिथे सपाट काळं डांबर आहे आणि त्याभोवती हातभर रुंद पांढरे पट्टे.”