देखाव्याचा माइक

“पुन्हा म्हण,” समर्थ म्हणाला.

“क्रॅकन,” वृषाली म्हणाली.

“क्रॅ नाही. क्राऽकन. नॉर्वेची भाषा आहे ती, इंग्लिश नाही. आमच्या कॉलेजात नॉर्वेचा एक इंजिनिअर व्याख्यानाला आला होता. मी मुद्दाम त्याच्याकडून म्हणवून घेतलं.”

“विजेवर बोलायला आला व्हता ना तो?” जिनेशनं वायर सोलता सोलता विचारलं. “त्याला वाटलं आसंल, कुठं येऊन पडलो.”

गणपतीच्या मांडवात गलबत उभं होतं, प्लायवूडचं. त्याच्यापुढं काळ्या रेक्झिनचा समुद्रराक्षस, आठ हातांचा. पोटात जीपच्या वायपरची मोटर बसवली होती, तिच्यावर त्यातले काही हात हलत. समुद्री चाच्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग जुलैत लागला, समर्थनं तो पुण्यात पाहिला आणि मंडळाचा यंदाचा देखावा ठरला. स्पर्धेला सामाजिक संदेश लागतो, म्हणून राक्षसाच्या एका हातात प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या होत्या.

परीक्षक यायच्या बेतात होते. निवेदन वृषाली करणार होती. जुन्नरच्या या मंडळाच्या माइकवर मुलगी पहिल्यांदाच बोलणार, म्हणून महाळुंगे पडवळहून तिची मावशी आली होती आणि सगळ्यांत पुढं सतरंजीवर बसली होती. वृषालीला निवेदन तोंडपाठ होतं. अडलं होतं एका शब्दावर, राक्षसाच्या नावावर.

“सिनेमात क्रॅकनच म्हणतात, राव,” जिनेश म्हणाला. त्याच्या वडिलांचं इलेक्ट्रिकचं दुकान. मोटर, वायरी, माळा, सगळं तिथलंच.

“तू हिंदीत पाहिलास. हिंदीत पाहिला म्हणजे पाहिला नाही.”

“का? हिंदीतला राक्षसबी तेवढीच जहाजं बुडवतो.”

“सिनेमातलेही चुकीचंच म्हणतात. आणि दुसरा भाग पहिल्याच्या जवळपासही नाही. मला तर मध्यंतरालाच कंटाळा आला होता.”

“मंग त्याचा देखावा कशाला केला?”

“जुन्नरला चालतो,” समर्थ म्हणाला.

वृषालीनं तो शब्द पुन्हा उच्चारला. आ लांबवला, शेवट हळू सोडला. समर्थनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. “अजून मराठीच वाटतंय.”

“मला तर तुझ्यासारखंच ऐकू आलं,” जिनेश म्हणाला.

“तुला येणारच.”

तेवढ्यात गल्लीतल्या साळुबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. रोज एका घराला आरतीचा मान. आज त्यांच्या घराचा होता. ताटावर पदराचा आडोसा धरून त्या गलबतासमोर थांबल्या. इकडून तिकडून वाकून पाहिलं.

“गणपती कुठं हाय रं?”

“मागं ठेवलाय, आजी. बोटीला जागा पुरत नव्हती.” समर्थनं वळूनही पाहिलं नाही. “आधी देखावा होऊ द्या, मग आरतीचं बघू.”

“आरतीचं बघू,” साळुबाईंनी ते शब्द जिनेशकडं बघत तसेच म्हटले. जिनेशनं वायरींत डोकं घातलं.

दोघे परीक्षक आले. छातीवर बिल्ले, हातात आधीच्या मंडळानं दिलेले नारळ. समर्थनं वृषालीच्या हातातून माइक काढून घेतला.

“तू राहू दे. परीक्षकांसमोर रिस्क नको.”

मावशी सतरंजीवरून उठली. कुठं जायचं ते न कळून पुन्हा बसली. वृषाली स्टेजवरून खाली उतरून मांडवाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

दिवे लागले, मोटर घरघरली, राक्षसाचे हात वर-खाली होऊ लागले. समर्थ सावकाश बोलत होता. तो शब्द निवेदनात जितक्या वेळा होता, त्याहून जास्त वेळा त्यानं घेतला. प्रत्येक वेळी आधी थोडा थांबला, नंतरही थांबला.

“ऑक्टोपस आहे ना तो?” एका परीक्षकानं दुसऱ्याला विचारलं.

निवेदन संपलं. टाळ्या वाजायच्या आत साळुबाई पुढं झाल्या. जिनेशच्या वायरींच्या खोक्यावर त्यांनी ताट ठेवलं, राक्षसाच्या बरोबर समोर, आणि कापूर पेटवला.

“आजी, तो गणपती नाही,” समर्थ माइकमध्येच बोलला. गल्लीभर ऐकू गेलं.

“मला दिसतंय की.” साळुबाईंनी ताट उचललं. “पर म्होरं तुमी ह्याला बसवलाय. आमी आरती म्होरं बसलेल्याची करतो. नाव तर लई नीट घेतलंस त्याचं. आता आरतीबी तूच धर.”

कोणी हसलं नाही. कापूर पेटलेला होता. एका परीक्षकानं चपला काढल्या, मग दुसऱ्यानं काढल्या. सतरंजीवरची माणसं उठून उभी राहिली. ज्याच्या हातात माइक असतो तो आरती धरतो. सगळे समर्थकडं पाहू लागले.

त्यानं सुरुवात केली. पहिलं कडवं जोरात गेलं. दुसऱ्याला तो बाकीच्यांच्या अर्धा शब्द मागून म्हणू लागला, नंतर नुसता शेवटचा शब्द. मग ओठ हलत होते आणि माइकमधून श्वास ऐकू येत होता. बायका एका कडव्यात गेल्या, पुरुष दुसऱ्याच. टाळ्या एकमेकींना शोधू लागल्या. साळुबाई ताट ओवाळत होत्या आणि त्याच्याकडं बघत होत्या.

समर्थ कडेला सरकला, खाली वाकला आणि माइक वृषालीपुढं धरला.

“घे,” तो पुटपुटला. तेही गल्लीभर गेलं.

वृषालीनं हात जोडलेले होते. तिनं ते सोडले नाहीत.