तोंडावरचे रुमाल

शालू बोलायला उभी राहिली आणि सगळ्यांचे रुमाल पुन्हा तोंडावर गेले.

सकाळपासून हेच चाललं होतं. तिने नाव सांगितलं, तेव्हा रुमाल. अकोल्याहून आले म्हणाली, तेव्हा रुमाल. शेजारच्या सरोजिनीबाईंनी तर पदराचा बोळाच ओठांवर दाबून धरला होता. अमरावतीच्या त्या शाळेच्या वर्गात वास म्हणाल तर खडूचा, दुसरा कसलाच नाही. तरी शालूने खाली बसता बसता आपल्याच पदराचा वास घेऊन पाहिला. तिला काहीच कळेना.

वऱ्हाडातल्या दाताच्या दवाखान्यांतून लोकांचे दात साफ करणारी मंडळी आज आपलं मंडळ काढत होती. डॉक्टरांना संघटना होती, यांना कोणी विचारत नव्हतं. माणसं बोटांवर मोजण्याइतकी, पण थाट अधिवेशनाचा. टेबलावर चादर, चादरीवर फुलदाणी आणि अध्यक्षपदी कमलाकांत, भिक्षुकाच्या घरातले, अमरावतीतले या कामातले सर्वांत जुने.

शालूला या मंडळात शिरायचंच होतं. मुंबईला जाऊन ती हे काम शिकून आली होती. हात हलका, काम चोख. पण तिचं गाव खारपाणपट्ट्यातलं, पूर्णेच्या काठचं. लहानपणापासून तिथलं पाणी पिऊन तिच्या दातांवर तपकिरी डाग पडले होते, आणि ते घासून जाणारे नव्हते. दवाखान्यात तोंडावर फडकं असायचं, म्हणून इतके दिवस निभावलं. मग एका शेटाणीने ते फडकं उतरलेलं पाहिलं. "हिचेच दात असे, ही माझे काय साफ करणार?" म्हणत ती खुर्चीतून उठूनच गेली. डॉक्टर शालूला म्हणाले, "मंडळाने तुम्हाला सभासद करून घेतलं, तर मला लोकांना सांगता येईल. नाहीतर दुसरी बाई पाहावी लागेल." घरी म्हातारा बाप बुधाजी, आणि चूल पेटायची ती शालूच्या पगारावर.

म्हणून ती आज ओठ मिटता येतील तेवढे मिटूनच बोलत होती. मग यांना डाग दिसले कसे? की दातांचं काही नव्हतंच? नाव सांगताना ती सवयीने 'जय भीम' म्हणाली होती. ते खटकलं असेल? पण तसं म्हणावं, तर कमलाकांतांनी आपली खुर्ची उचलून तिला दिली होती. खुर्चीही द्यायची आणि नाकातोंडावर रुमालही धरायचा, ही कुठली तऱ्हा?

तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत. शालूने मान खाली घालून, पदराआड एक घोट घेतला. वर पाहिलं, तर बाकी एकाचाही हात कपाकडे गेला नव्हता. सगळे रुमालाआडून तिच्याकडे आणि एकमेकांकडे पाहत बसले होते. चहावर साय धरू लागली.

आता मात्र तिला कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. तिच्या पंगतीला बसून चहा प्यायचा नव्हता यांना. असे न उचललेले कप बुधाजीने जन्मभर पाहिले होते. दीक्षा घेऊन सात वर्षं होत आली, कप अजून तिथेच. तिला रडू आलं नाही, संताप आला.

"चहा काहून पेऊन नाही राह्यले तुमी?" ती ताडकन उठली. "मी बसली म्हणून? का माह्ये दात पाहून? घ्या, नीट पाहून घ्या!" तिने पदर सोडला आणि ओठ मागे ओढून सगळी बत्तिशी दाखवली. "खाऱ्या पाण्याचे हायेत. घासून जात नाहीत, तुमाले ठाऊक हाय. मले घ्याचं नसन तं तसं सांगा. पण हे झाकाझाकी नोका करू."

मग कमलाकांतांनी हळूच रुमाल खाली घेतला. त्यांचे दात तसेच होते, तपकिरी. सरोजिनीबाईंचा पदर सुटला. तसेच. मग एकेक रुमाल उतरत गेला.

दुसऱ्याच्या तोंडात पाहणं हाच ज्यांचा धंदा, ती माणसं पहिल्यांदाच एकमेकांसमोर बसली होती. नजरा वळल्या की जो तो स्वतःचंच तोंड लपवत होता. चहा प्यायचा तर रुमाल काढावा लागला असता.

"तुम्हाला घेतलं नाही, तर आम्हाला कोण घेणार, शालूबाई?" कमलाकांत म्हणाले.

मोर्शीच्या वसंताचे दात तेवढे पांढरेशुभ्र निघाले. सरोजिनीबाई त्याच्यावर उखडल्या. "तू काहून झाकलं रे मेल्या?"

"सारेच झाकून होते," वसंत गोंधळून म्हणाला. "मले वाटलं, मंडळाचा नियम असन."

सगळे हसले, अगदी दात दिसेपर्यंत. शालूही हसली.

"दर्यापूरकडचं माझं गाव," कमलाकांत सांगू लागले. "देवळामागची विहीर. त्या पाण्याची ही करणी."

"आमचं गाव बी तिकडचंच," शालू म्हणाली. "तिथंबी देवळामागच्या विहिरीवर आमाले येऊ देत नोते. आमची विहीर निराळी, नाल्याकाठी."

हसणं थांबलं. कमलाकांतांनी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले. "पण पाणी तेच निघालं, बाई."

त्यांनी कप उचलला, बोटाने साय बाजूला सारली आणि तो गार चहा तिच्यासमोर उभं राहून पिऊन टाकला.