लाल पंजा

माझ्या धाकट्या बहिणीने मातीतल्या जिवाणूंमध्ये एक लाल रंग शोधला होता. तो आईकडून लेकीकडे जायचाच, पण शेजाऱ्याकडेही जायचा. दोन जिवाणू नुसते एकमेकांना टेकले, की जनुकांचं एक इवलंसं कडं या अंगातून त्या अंगात शिरायचं. "नात्यागोत्याची गरजच नाही बघ, ताई," ती हसून म्हणायची.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्या शोधावर स्वतःचं नाव घातलं आणि तिलाच चोर ठरवून काढून टाकलं. त्याच आठवड्यात तिने जीव दिला. तिने जिवाणू वाढवलेल्या सगळ्या प्लेट सरांनी वाफेत उकडून टाकल्या.

तेव्हापासून प्रयोगशाळेत कुठलीही माती आणली, तरी लालच उगवू लागलं.

"बाई, तुमची स्वच्छता कमी पडतेय," सर मला म्हणाले. प्लेट तयार करायचं काम माझं. मग त्यांनी स्वतःचे हात साबणाने, स्पिरिटने धुतले आणि तपासणीच्या रीतीप्रमाणे उजवा तळवा एका मोठ्या ताज्या प्लेटवर दाबला.

दुसऱ्या दिवशी मी झाकण उचललं. लाल पंजा उमटला होता, पण लहानसा, मुलीचा. करंगळी आत वळलेली. लहानपणी दारात चेंगरून धाकटीची करंगळी तशीच राहिली होती.

सरांनी सकाळपासून खिशात ठेवलेला हात बाहेर काढला. तो बाहीत पार बुडाला होता, आणि करंगळी आत वळली होती.

"बाई, ही सरळ होत नाहीये हो."

मी झाकण हलकेच लावलं.

"घाबरू नका, सर. तुमच्या दीर्घायुष्यासाठी मी रोज नेमाने प्रार्थना करते."