चारही कोपरे

प्रवासाला झूम नसलेल्या दोनच लेन्स न्यायच्या, एवढं ठरलं होतं. पण कोणत्या दोन, इथेच त्याचं घोडं वर्षभर अडलं होतं. दर थोड्या दिवसांनी नवी लेन्स भाड्याने आणायची, बाबांना खिडकीपाशी त्याच खुर्चीत बसवायचं आणि फोटो कॉम्प्युटरवर मोठ्ठा करून चारही कोपरे तपासायचे. कधी कपाटातली पुस्तकं धूसर, तर कधी पडद्याची नक्षी पुसट.

"बाबा, हलू नका म्हटलं ना!"

"अरे, मी कुठे हलतोय? तुझं यंदा तरी जायचं ठरतंय का?"

आणखी एक लेन्स परत करून आल्यावर त्याचं डोकंच फिरलं. वर्षभराचे सगळे फोटो त्याने परगावी राहणाऱ्या ताईला ओळीने पाठवले आणि वैतागून लिहिलं, "आता तूच काय ते सांग. फक्त कोपरे बघ. मधलं बघत बसू नकोस, ते सगळ्यांत ठीकच आहे."

ताईचा लगेच फोन आला.



"कोपरे गेले खड्ड्यात! फोटोगणिक बाबा वाळत चाललेत रे... तुला दिसलं कसं नाही?"