गाडी ओढत नाही

"प्लग साफ केलेस, पॉइंट घासलेस, आणि गाडी आज परत चढावर मेली." मार्तंडने स्वतःच्याच टॅक्सीच्या बॉनेटवर मूठ आपटली. महिन्याभरातली त्याची ही तिसरी खेप होती.

"पॅसेंजर नव्हता म्हणतोस," धाकू मेकॅनिक म्हणाला. "मग घाई कसली होती तुला?"

मार्तंडने चावी त्याच्याकडे फेकली.

धाकूने इंजिन चालू करून रेस दिली. मागून काळाकुट्ट धूर निघाला. "पेट्रोल जातंय, हवा जात नाही," तो म्हणाला आणि त्याने एअर फिल्टरचं झाकण उघडलं. फिल्टरभोवती कापड गुंडाळलेलं होतं. चांगलं चार घड्या घालून, घट्ट.

मार्तंडने त्याची कॉलर धरली. "तूच कोंबलंस. मी सारखं तुझ्या दारात यावं म्हणून."

"आधी कापड बघ रे."

हिरव्या लुगड्याचा तुकडा होता तो. मार्तंडच्या बायकोच्या, शेवंतीच्या.

जोगेश्वरीच्या चाळीत शेवंती तांदूळ निवडत बसली होती. मार्तंडने तुकडा तिच्या सुपात फेकला.

"हे कोणी घातलं?"

"मी." तिने मान वर केली नाही. "इंजिनाचं नाक दाबलं की त्याचा जोर जातो, असं तुम्हीच अनूला शिकवायचात. गाडी पुसताना. मी ऐकत होते."

अनू त्यांची एकुलती एक. आठ वर्षांची. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतून येताना ट्रकखाली गेली. साक्षीदार फिरले आणि ट्रकवाला सुटला. गुंफांजवळच्या चढावर राहायचा तो. तेव्हापासून मार्तंड भाडं सोडून त्याच चढावर रिकामी टॅक्सी फिरवत होता.

"झोपेत त्याचं नाव घेता तुम्ही," शेवंती म्हणाली. "अनू गेली. उद्या तुम्ही फासावर गेलात, तर मी कोणाकडे बघून जगू?"

"आज समोर होता तो." मार्तंडचा आवाज सगळ्या चाळीला ऐकू गेला. "चढाच्या टोकाला रस्ता ओलांडत होता. मी खालून पाय पुरता दाबला. सात महिने वाट बघितली मी या दिवसाची. आणि तुझ्या या चिंधीपायी गाडीने उचल घेतलीच नाही. निवांत चालत गेला तो, माझ्या डोळ्यांदेखत."

शेवंतीने सूप बाजूला ठेवलं. शेजारची दारं उघडली, मिटली. मार्तंडने तुकडा फाडायला उचलला. कापड काही फाटेना. मग तो उंबऱ्यावरच बसला.

"त्याच्या कडेवर पोर होती," तो म्हणाला. "ती मला नंतर दिसली."