दिवाळीपर्यंत थांबा

निकिताने पर्समधून पेन ड्राइव्ह काढून दुकानातल्या लॅपटॉपला लावला. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर तिने उभा केलेला दिंडोरीचा बंगला पडद्यावर उघडला. माउसने तिने तो फिरवला. जिना, गच्ची, खिडक्यांच्या काचा. चित्र कुठेही अडखळलं नाही.

"चालतंय की!"

"चालतंय हो वहिनी, पण..." दुकानदार भारत खुर्चीत मागे रेलला. "दिवाळीला नवं ग्राफिक्स कार्ड येतंय. याच्या दुप्पट ताकदीचं. आज घ्याल आणि मग मलाच शिव्या द्याल."

"मी हिला तेच सांगतोय," योगेश म्हणाला. "घाई कसली?"

घाई कसली, ते नवऱ्याला ठाऊक होतं. बंगल्याचे मालक सोमवारी आराखडा बघायला बसणार होते, आणि बदल त्यांना समोरच्या समोर करून हवे होते. नोकरीबाहेरचं, तिचं स्वतःचं हे पहिलं काम. लॅपटॉप नसेल तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं.

निफाडला, तिच्या माहेरी, द्राक्षांचे व्यापारी बागेत येऊन असंच म्हणत, "दोन दिवस थांबा, अजून साखर भरली नाही." तिचे वडील तेव्हा एक मणी तोडून स्वतः चावून बघत आणि मग बराच वेळ व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहत. पण तो घेणारा असे. इथे विकणाराच थांबा म्हणत होता.

तिने भारतच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने नजर काढून घेतली आणि दारातूनच समोरच्या टपरीला हाक दिली, "तीन चहा पाठव रे! एक बिनसाखरेचा!"

चहा आला. बिनसाखरेचा कप त्याने, कुणाला न विचारता, योगेशसमोर सरकवला.

योगेशने साखर सोडून जेमतेम पंधरवडा झाला होता. आणि या दुकानाची पायरी आपण पहिल्यांदाच चढतोय, असं तो येताना गाडीवर म्हणाला होता.

"अहो," निकिताने हळूच विचारलं, "तुम्ही इथे कधी येऊन गेलात?"

योगेशने कप उचलला.

"भाऊ, याच लॅपटॉपचं बिल करा," ती भारतला म्हणाली.

भारतने योगेशकडे पाहिलं.

"तिकडे नाही," निकिता म्हणाली. "घेणारी इकडे बसलीय."

भारत बिल करेपर्यंत योगेश निवून गेलेल्या चहावर फुंकर घालत राहिला.